वाट माणसाची, चाल कुत्र्याची

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात ‘गाइड’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक गाइड ताडोबाच्या मोहर्ली गेटावर जिप्सीत ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. काल कुठे पगमार्क दिसले त्यावरून आज वाघीण कोणत्या पाणवठ्यावर येईल, याचा त्याला अंदाज असतो. दुसरं गाइड परीक्षेच्या आधी पंधरा दिवस पुस्तकांच्या दुकानातून खपतं. त्यात प्रश्न असतात आणि उत्तरंही असतात. एकाला जंगल पाठ, दुसऱ्याला पेपर पाठ. त्यामुळे भद्रावतीत कुणापुढे अंधांच्या ‘गाइड डॉग’चं नाव काढलं की त्याच्या डोळ्यांसमोर सर्वज्ञ कुत्रा उभा राहतो. अंध मालकानं ‘मोत्या, कॉलेजला चल’ म्हणायचं, की मोत्या निघाला, आणि बरोबर वर्गाच्या दारात नेऊन उभा केला.

असा कुत्रा जगात कुठेही नाही. मराठीत त्याला ‘वाटाड्या कुत्रा’ म्हणायचा मोह होतो खरा, पण वाटाड्याला वाट ठाऊक असते. या कुत्र्याला ती ठाऊक नसते. वाट माणसाच्या डोक्यात असते. बस स्थानकातून बाहेर पडलो की उजवीकडे, दुसऱ्या बोळाला डावीकडे, तळणीचा वास आला की आपण हॉटेलपाशी, तिथून सरळ, हे सगळं माणसानं आधी शिकलेलं असावं लागतं. कुत्र्याचं काम त्या वाटेवर माणसाला धड चालवण्याचं. खड्डा, खांब, उभी मोटारसायकल, उघडं गटार यांना वळसा घालायचा, पायरी आली की थांबायचं, आणि वळसा संपला की पुन्हा मूळ रेघेवर आणायचं. नकाशा एकाकडे, डोळे दुसऱ्याकडे. हे एकदा ध्यानात आलं की या विषयातल्या बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. नवा कुत्रा मिळालेल्या माणसाचे पहिले काही महिने इतके कष्टाचे का जातात, हेही त्यातूनच कळतं.

हे काम ज्या साधनानं चालतं ते हाताला लागल्याशिवाय नीट कळत नाही. कुत्र्याच्या छातीवरून आणि पोटाखालून जाणारा पट्टा म्हणजे हार्नेस, आणि त्याला पाठीवर जोडलेली एक ताठ दांडी. कुत्रा माणसाच्या डाव्या अंगाला चालतो, दांडी डाव्या हातात. साखळी किंवा दोरी सैल पडते, तिच्यातून काही कळत नाही. दांडी ताठ असल्यामुळे कुत्र्याचा खांदा वळला की ते वळण तळहातात येतं. चाल मंदावली, पाऊल आखडलं, मान वर गेली, हेसुद्धा येतं. चालताना कुत्र्यानं दांडीवर हलकासा ओढा ठेवावा लागतो. ओढा सुटला म्हणजे एक तर पुढे काही आहे, नाही तर कुत्र्याचं लक्ष उडालं आहे. या दोहोंतला फरक हातानं ओळखणं ही मालकाची विद्या.

कुत्र्याच्या बाजूनं यात एक अवघड गोष्ट आहे. तो स्वतः जिथून सहज निघून जाईल तिथून माणूस जाईलच असं नाही. डोक्याच्या उंचीवर लोंबणारी बाभळीची फांदी कुत्र्याला मुळीच अडत नाही. दोन खांबांमधली फटही त्याला पुरते. पण गाइड डॉगला आपल्या अंगाला एक माणूस जोडून रुंदी आणि उंची मोजायला शिकवलेलं असतं. याहून वरची पायरी म्हणजे हुकूम मोडायला शिकवणं. माणूस ‘पुढे’ म्हणाला आणि समोरून गाडी येत असेल, तर कुत्र्यानं हलायचं नाही. गरज पडली तर माणसाला आडवं होऊन अडवायचं. आज्ञा पाळायला कोणताही कुत्रा शिकतो. केव्हा पाळायची नाही हे शिकायला निवडक कुत्रीच लागतात. म्हणून पुष्कळ पिल्लं प्रशिक्षणात गळतात आणि कुणाच्या तरी घरी सुखानं पाळीव होऊन राहतात.

सिग्नलचा लाल-हिरवा दिवा कुत्रा ओळखतो, हा आणखी एक गैरसमज. कुत्र्याच्या डोळ्याला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळतच नाही. रस्ता कधी ओलांडायचा ते माणूस कानांनी ठरवतो. आडवी वाहनं थांबली, आपल्या बाजूची सुटली, की तो ‘पुढे’ म्हणतो. चुकलाच तर कुत्रा आहे.

ही जोडी पहिल्या महायुद्धातून आली. विषारी वायूनं आणि स्फोटांनी डोळे गेलेल्या जर्मन सैनिकांसाठी डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी १९१६ मध्ये ओल्डेनबर्ग इथे पहिली शाळा काढली. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी जर्मनीतलं हे काम पाहिलं आणि ५ नोव्हेंबर १९२७ रोजी एका अमेरिकी साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. नॅशव्हिलमधल्या एका घरात वडिलांनी तो आपल्या अंध मुलाला वाचून दाखवला. मुलाचं नाव मॉरिस फ्रँक. वय वीसच्या आसपास. व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकायचा आणि विमा विकायचा. त्याला ने-आण करायला पगारी पोरगा ठेवला होता, पण तो पोरगा कंटाळला की पसार व्हायचा. म्हणजे अमेरिकेतल्या या साऱ्या चळवळीच्या मुळाशी कॉलेजात वेळेवर पोहोचू न शकणारा एक वैतागलेला विद्यार्थी आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं.

फ्रँकनं बाईंना पत्र धाडलं आणि १९२८ मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला. जाताना जहाजावर त्याला जवळपास पार्सलासारखं सांभाळलं गेलं, केबिनला बाहेरून कुलूप लावून. येताना सोबत जर्मन शेफर्ड कुत्री होती. तिचं मूळ नाव ‘किस’. भर रस्त्यात त्या नावानं हाक मारायची त्याला लाज वाटली, म्हणून त्यानं तिचं ‘बडी’ केलं. न्यूयॉर्कला उतरल्यावर वार्ताहरांच्या देखत ती दोघं तिथला अतिशय गर्दीचा वेस्ट स्ट्रीट ओलांडून पलीकडे गेली. फ्रँकनं बाईंना एका शब्दाची तार केली: यश. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली. ती अजून चालू आहे. पहिल्या कुत्र्यासाठी तिथे माणसाकडून दीडशे डॉलर घेतात. हा आकडा १९३० च्या दशकात ठरला आणि तो बदललेला नाही. खरा खर्च त्याच्या कित्येक पट, तो देणग्यांतून निघतो.

कुत्रा हाती पडायच्या आधी एक गमतीचा प्रकार असतो, त्याला तिकडे ‘जुनो’ म्हणतात. प्रशिक्षक रिकामा हार्नेस स्वतः हातात धरतो आणि कुत्रा होतो. दांडी उमेदवाराच्या हातात. प्रशिक्षक चालतो, वळतो, थांबतो, मुद्दाम एखाद्या खांबाजवळ रेंगाळतो, आणि उमेदवारानं त्याला ‘शाबास’ म्हणायचं, रागवायचं, ‘डावीकडे’ सांगायचं. भल्या घरच्या प्रौढ माणसाला भर रस्त्यात दुसऱ्या प्रौढ माणसाशी ‘शहाणं माझं बाळ’ असं बोलावं लागतं. हसू येतं, पण त्यात उमेदवाराची चाल किती वेगाची, आवाज किती खंबीर, पकड कशी, हे सगळं मोजलं जातं आणि त्यावरून कुत्रा ठरतो. वधूवरांच्या पत्रिका जुळवतात त्याहून हे जुळवणं अधिक पुराव्यानिशी चालतं, एवढंच म्हणतो. मग तीन-चार आठवडे दोघांचं एकत्र शिक्षण, आणि घरी रवानगी.

घरी आल्यावर कुत्रा वेगळा वागतो. शाळेत तो प्रशिक्षकाच्या भरवशावर होता. इथे माणूस नवा, घर नवं, वास नवे. तो माणसाची परीक्षा घेतो. पहिले सहा महिने ते वर्षभर दोघांचं जमत नाही असंच वाटत राहतं, आणि ते स्वाभाविक मानतात. ज्यांचा आधीचा कुत्रा म्हातारा होऊन निवृत्त झालेला असतो त्यांना तर हे जास्त जड जातं. आठ-दहा वर्षांचा झाला की कुत्रा काम सोडतो, आणि हाताला सवय जुन्याच्या चालीची असते.

दिवस घड्याळावर बांधावा लागतो. सकाळी ठरल्या वेळी खाणं, त्यानंतर ठरल्या जागी शी-शू, हार्नेस उतरवून, फक्त साखळीवर. हार्नेस अंगावर म्हणजे ड्युटी, उतरला की सुट्टी, हे कुत्रा पक्कं ओळखतो. न दिसणाऱ्या माणसानं विष्ठा उचलायची कशी, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो पण विचारायला संकोच वाटतो. माणूस कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो. पाठीला बाक आला की काय चाललंय ते कळतं, आणि शेपटी कुठे आहे त्यावरून जागाही कळते. मग हातात प्लास्टिकची पिशवी उलटी घालून चाचपायचं. वेळ पाळली तर दिवसभर कुत्रा वर्गात स्वस्थ राहतो. नाही पाळली तर नेमका तास रंगात आला असताना तो उठून उभा राहतो.

विद्यापीठाचं आवार हा या जोडीचा कसोटीचा प्रदेश. लोकांना वाटतं, रहदारी नाही, मोकळं मैदान आहे, सोपं जाईल. उलट असतं. रस्त्याला कडा असतात, कोपरे असतात, कुत्रा त्या कडेनं जातो आणि माणूस कोपरे मोजतो. मोठ्या मोकळ्या आवाराला कड नाही. पोरं मन मानेल तशी तिरकी चालतात आणि कुत्रा त्यांच्या मागं लागतो. म्हणून तिथे महत्त्वाच्या जागा कुत्र्याला वेगळ्या शिकवाव्या लागतात, तेही उलट्या क्रमानं. आधी ग्रंथालयाच्या दाराला नेऊन उभं करायचं, दाराच्या मुठीला हात लावून ठरलेला शब्द म्हणायचा, खाऊचा दाणा द्यायचा. मग चार पावलं मागं येऊन तिथून सोडायचं. दार सापडलं की पुन्हा दाणा. मग दहा पावलं, मग वळणापासून, मग फाटकापासून. शेवटची जागा आधी पक्की झाल्यामुळे कुत्रा प्रत्येक वेळी ओळखीच्या टोकाकडे ओढीनं जातो. रिकामी खुर्ची, जिन्याचा कठडा, बाहेर पडायचं दार, सगळं असंच.

मात्र कुत्र्याला वेळापत्रक कळत नाही. सोमवारी अकराला ज्या खोलीत गेलो तिथेच मंगळवारी अकराला तो वळतो, आणि मालकाचं लक्ष नसेल तर दुसऱ्याच विषयाच्या तासाला दोघं जाऊन बसतात. कँटीनचा रस्ता तर त्याच्या पायांनाच पाठ होतो. वर्गात तो बाकाखाली अंगाची गुंडाळी करून झोपतो. काही कुत्री घोरतात, आणि त्याबद्दल एकट्या त्यांनाच नावं ठेवायचं कारण नाही.

आता हे चित्र आपल्याकडे आणून पाहू. समजा, भद्रावतीची एक अंध मुलगी गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठात एम. ए. करते आहे. हे विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं आणि चंद्रपूर-गडचिरोली हे दोन जिल्हे त्याच्याकडे आले. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत पाच टक्के जागा दिव्यांगांसाठी राखायचं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो, म्हणजे प्रवेशाला आधार आहे. समजा, तिला परदेशातून कुत्राही मिळाला. सुट्टी संपली, भद्रावतीच्या बस स्थानकात चंद्रपूरची एस. टी. लागली आहे, आणि ती दारापाशी आली.

पहिला प्रश्न कंडक्टरचा नसतो, मागच्या रांगेतल्या मावशींचा असतो. ‘बाई, हे चावते का?’ चावत नाही म्हटल्यावर दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडतं. कुत्र्यावरची माया आपल्याकडे बिस्किटातूनच व्यक्त होते, आणि कामावरच्या कुत्र्याला तेच सर्वांत घातक. एकदा का बसमधली माणसं म्हणजे बिस्किटं हे त्याला कळलं, की दांडीतला ओढा बिस्किटाच्या दिशेनं जातो. त्याला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, खायला घालायचं नाही. बोलायचं ते मुलीशी. हे तीन नकार आपल्या स्वभावाला फार अवघड आहेत. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री देवाच्या पायाशी असतात आणि त्याच दत्ताच्या देवळात खरं कुत्रं शिरलं की झाडू उगारला जातो. हाकलायचं किंवा कुरवाळायचं, या दोन वागणुकी आपल्याला येतात. तिसरी, म्हणजे कामात आहे तर कामात राहू देणं, शिकावी लागेल.

मावशींचं मन वळवता येईल. उन्हाचं काय? चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७-४८ अंशांना शिवतो. हवा एवढी तापते तेव्हा डांबर त्याहून कितीतरी अधिक तापतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो अंग निववतो, आणि पायाच्या गाद्या उघड्या. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहायची, ठेववत नसेल तर कुत्र्याला त्यावर नेऊ नये, असा सोपा नियम आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर या परीक्षेत कोणताच रस्ता पास होणार नाही. पायांना घालायचे बूट मिळतात, पण वरच्या झळांना बूट नाही.

मग भटकी कुत्री. २०१९ च्या पशुगणनेत देशात ती सुमारे एक कोटी त्रेपन्न लाख भरली. गल्लीतल्या टोळीला हार्नेस म्हणजे काय ठाऊक नाही. आपल्या हद्दीत परकं कुत्रं आलं एवढंच तिला कळतं. गाइड डॉगला भांडण टाळायला शिकवलेलं, पळायची मुभा नाही कारण दांडीला माणूस आहे, आणि माणसाला कुठून काय येतंय ते दिसत नाही. एका हल्ल्यानंतर कुत्रा इतका बावरतो की त्याला कामावरून काढावं लागतं, असं ज्या देशांत रस्त्यावर मोकाट कुत्री जवळजवळ नाहीत तिथेही घडतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा-महाविद्यालयं, दवाखाने, बस स्थानकं यांच्या आवारातून भटकी कुत्री हलवायला सांगितलं. त्यानं अशा मुलीची वाट थोडी मोकळी होईल, किंवा फाटकावरचा वॉचमन ‘कुत्र्यांना बंदी’ म्हणून तिलाच अडवेल. दोन्ही शक्य आहे.

आणि आमच्याकडची खास अडचण, बिबट्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबानं सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तिकडे ऊस आहे, इकडे ताडोबा, आयुध निर्माणीचं झुडपी जंगल आणि कोळसा खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर उगवलेलं रान. संध्याकाळी कुत्र्याला शी-शूसाठी वस्तीच्या कडेला नेणं ही जगभर साधी गोष्ट आहे. भद्रावतीच्या कडेला ती साधी नाही.

तेव्हा गाइड डॉगची चाल आपल्याकडे रुजलेली नाही याला केवळ पैसा किंवा अनास्था कारण नाही. ज्या पायवाटेवर ही जोडी चालायची ती पायवाटच तिला धार्जिणी नाही. मला स्वतःला वाटतं, पुण्या-मुंबईच्या काही भागांत ती चालू शकेल. भद्रावतीत तिचा हट्ट धरणं कुत्र्यावर अन्याय होईल.

पण जोडीतला दुसरा अर्धा भाग, नकाशा डोक्यात असलेला माणूस, तो इथे जुना आहे. भद्रावतीहून वीसेक किलोमीटरवर वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे. कुष्ठरुग्णांसाठी सुरू झालेल्या त्या वसाहतीत अंध मुलांची शाळाही आहे. अशा शाळांत ब्रेलबरोबर चालणं शिकवतात: पांढरी काठी खांद्याच्या रुंदीएवढी डावी-उजवी फिरवायची, उजवं पाऊल पुढे जाताना काठीचं टोक डावीकडे. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी १९४४ च्या सुमारास बसवली. काठीला कमरेवरचं काही कळत नाही, तीच बाभळीची फांदी कपाळाला लागते. दिल्लीच्या आय. आय. टी.त त्यासाठी ‘स्मार्टकेन’ तयार झाली. ती ध्वनिलहरी सोडून तीन मीटरपर्यंतचा अडथळा मुठीतल्या कंपनानं कळवते. कुत्र्याच्या खांद्याचं काम थोडंफार मुठीत आलं म्हणायचं.

बाकीचं काम माणसांना करावं लागतं, आणि इथे आपण उत्साहाच्या भरात चुकतो. भद्रावतीत नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर कोळशाचे ट्रक धडधडत असतात. त्या आवाजाखाली ई-रिक्षाचा आवाज पार बुडतो, आणि कानांवर चालणाऱ्या माणसाची तिथेच फसगत होते. तो कडेला थबकलेला दिसला की आपण त्याचा दंड धरतो, काठीचं टोक उचलतो आणि त्याला ओढत पलीकडे नेतो. काठी उचलली म्हणजे त्याचे डोळे झाकले. आणि त्याला ओलांडायचं होतं की नाही, हे विचारायचं राहूनच जातं.

करायचं ते इतकंच. आधी विचारायचं, ‘भाऊ, पलीकडे जायचं आहे का?’ हो म्हणाला तर आपलं कोपर त्याच्या हाताच्या पाठीला लावायचं. तो कोपराच्या वर धरेल आणि अर्धं पाऊल मागे राहील. आपण वळलो की आपला खांदा वळतो, पायरी चढलो की कोपर वर जातं, आणि तेवढं त्याच्या हाताला पुरतं. बोळ अरुंद असेल तर हात पाठीमागे घ्यायचा, म्हणजे तो आपल्या मागं एका रांगेत येतो. बसपाशी आलं की त्याला उचलून चढवायचं नाही. त्याचा हात दाराच्या दांडीवर ठेवायचा, कोणती बस आहे ते सांगायचं, आणि बाजूला व्हायचं. पुढच्या तीन पायऱ्या त्याच्या पाठ असतात.